पाणी परत येईपर्यंत

द्राक्षं उभी चिरायची असतात, आडवी नाही. आडवी चिरली तर तुकडा गोलच राहतो आणि लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. मुलगी नुकती खायला लागली होती तेव्हा हे मला कुठल्याशा व्हिडिओतून कळलं, आणि आता ती दुसरीत गेली तरी मी द्राक्षं उभीच चिरतो. बायको म्हणते, "तिच्या लग्नातही पंगतीत सुरी घेऊन उभा राहा." म्हणू दे बापडीला. नोकरी मी बेलापूरच्या एका ऑफिसात करतो, ती पोटासाठी. उरलेला सगळा वेळ घाबरण्यात जातो. शाळेची बस सिग्नलला जरा जास्त थांबली की मोबाइलच्या नकाशावरचं तिचं चित्र हलत नाही, आणि इकडे माझ्या हातातलं काम थांबतं. मुलगी झोपली की तिचा श्वास नीट चालू आहे ना, हे मी अजूनही वाकून बघतो. सांगायला लाज वाटते, पण बघतो.

ऑफिसातल्या माझ्या वयाच्या बापांचं साधारण असंच आहे. डबा खाताना आम्ही तापाचं औषध वयावर द्यायचं की वजनावर, यावर तावातावाने भांडतो. आमच्या बापांनी आमचे लंगोट कधी बदलले नाहीत, आम्ही डायपर बदलले, रात्री जागलो, पालकसभेत त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर सगळी काळजीही आमच्याकडे आली. ती पूर्वी कोणाकडे असायची कोण जाणे. बहुतेक आयांकडे असेल. माझ्या बाबाकडे तरी नव्हती, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

बाबा असं एकेरीत लिहितोय, त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. मी नवी मुंबईतल्या, खाडीकाठच्या करावे गावातला. आमच्या गावात बापाला अहो-जाहो करत नाहीत, अरे-तुरेच करतात. माझी बायको साताऱ्याकडची. लग्नानंतर मी पहिल्यांदा "बाबा, तू जेवलास का?" असं विचारलं तेव्हा तिच्या हातातली पळी तशीच राहिली होती. आता तिला सवय झाली आहे. ती स्वतः मात्र 'अहो बाबा' म्हणते, आणि तिने तसं म्हटलं की बाबा मागे वळून पाहतो, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

आमचा फ्लॅट सीवूड्समध्ये, वरच्या मजल्यावर. बाबा अजून गावातल्या घरात एकटाच राहतो, आई गेल्यापासून. खालच्या दोन खोल्या भाड्याने दिल्यात. पोटापुरतं सगळं आहे, तरी तो होडी घेऊन खाडीत जातो, मिळतील ते बोईट-कोळंबी घेऊन येतो आणि अर्धी आमच्याकडे आणून टाकतो. लिफ्टमध्ये वास येतो म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा चर्चा झाली आहे. बाबाची एकच मागणी होती. मुलगी चालायला लागल्यापासून तो विचारायचा, "पोरीला खाडीवर कदी आनतोस?"

मी टाळत आलो. पाऊस आहे, परीक्षा आहे, सर्दी झालीय. खरं कारण असं की खाडी मला माहीत आहे. बाहेरून बघणाऱ्याला ती बाल्कनीतून दिसणारी निळीकरडी शोभा वाटते, फ्लॅटच्या जाहिरातीत तिचा फोटो असतो. मी तिच्या चिखलात वाढलोय. पाणी उतरलं की मागे राहतो तो चिखल वरून सपाट, चकचकीत, अगदी नुकत्या सारवलेल्या अंगणासारखा दिसतो. पाय ठेवला की पोटरी जाते, दुसरा पाय टेकवला की मांडी. लहान मूल किती जाईल याचा हिशोब मी मनात पुष्कळदा केलेला होता.

"मला पोहता येत नाही तरी मी म्हणते जाऊ दे," बायको म्हणायची. "तुला येतं आणि तू घाबरतोस."

"येतं म्हणूनच घाबरतो."

"तुला लहानपणी नेत नव्हते का ते?"

नेत होता. पाच-सहा वर्षांचा असल्यापासून मी बाबाच्या होडीत बसलोय. तो पुढे उभा राहून बांबूने होडी रेटायचा, मी मागे बसायचो. त्याने कधी वळून 'नीट बस', 'सांभाळ' असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. मला ताप भरला तरी तो पहाटे खाडीत. मी दहावीला होतो तरी खाडीत. मी पहिल्यांदा नोकरीसाठी पुण्याला निघालो तेव्हा सगळे स्टॉपपर्यंत आले होते आणि हा जाळं वाळत घालत होता. मला त्याचा राग नव्हता. हेवा वाटायचा. माणूस असा निवांत बाप कसा असू शकतो, हे मला कळत नसे.

शेवटी या एप्रिलमध्ये, शाळेला सुट्टी लागल्यावर, माझे सगळे बहाणे संपले. मुलीलाच फ्लेमिंगो बघायचे होते. शाळेत तिने त्यांचं चित्र काढलं होतं आणि बाईंनी विचारलं होतं, तू पाहिलेस का खरे? घराजवळ राहून पाहिले नाहीत म्हटल्यावर वर्गात हसं झालं होतं. आजोबांनी सांगितलं, होडीतून नेतो, पार जवळ. मी म्हटलं, ठीक आहे, मीही येतो.

"पप्पा नको," ती म्हणाली. "पप्पा मला काहीच करू देणार नाही."

मी बाबाकडे पाहिलं. म्हटलं, हा तरी माझी बाजू घेईल.

"तू नकोच," बाबा म्हणाला. "तू येशील आनि पोरीला भ्या शिकवशील."

हे मला लागलं. इतकं लागलं की मी हट्टाने म्हटलं, जा मग दोघंच. शनिवार ठरला. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, तिला शनिवारी ड्यूटी असते, मला सुट्टी. मी माझ्या अटी घातल्या. ऑनलाइन मागवलेलं भगव्या रंगाचं लाइफ जॅकेट अंगात राहील. मनगटावर ते घड्याळ राहील, ज्याच्यामुळे ती कुठे आहे ते मला मोबाइलवर दिसतं. आणि पाणी अर्धं उतरायच्या आत परत. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. सुकती पुरती लागली की आमच्या जेट्टीकडे येणारी वाट बंद होते, होडीखाली पाणीच उरत नाही. हे बाबाला सांगणं म्हणजे बायकोला पोळ्या कशा लाटायच्या ते सांगण्यासारखं होतं, तरी मी सांगितलं. तो नुसता "हां" म्हणाला.

सकाळच्या भरतीला मी दोघांना जेट्टीवर सोडलं. जॅकेटचे सगळे बक्कल स्वतः लावले, ओढून पाहिले. पाण्याची बाटली दिली, डबा दिला, त्यात उभी चिरलेली द्राक्षं. गाडी मधेच लावली होती म्हणून कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं, मी ती बाजूला लावायला गेलो. परत येईतो होडी सुटली होती. आणि जेट्टीवर जिथे आमची चुलत काकी मासळी निवडत बसते, तिथल्या खुंटीला ते भगवं जॅकेट लटकत होतं.

"काकी, हे काय?"

"पोरगी रडाया लागली गरम व्हतं म्हनून. तुज्या बापसानं काडलं." तिने मान वर न करता सांगितलं. "त्यात उकडून मेली असती ती."

मी हाका मारल्या. वाऱ्यात माझा आवाज माझ्यापर्यंतच राहिला असेल. दूरवर एक छोटी पाठमोरी आकृती हात हलवताना दिसली, मला नव्हे, पक्ष्यांना.

त्यानंतर मी मोबाइल हातातून खाली ठेवला नाही. नकाशावर निळ्या रंगात तिचा ठिपका सरकत होता. तो सरकत होता तोवर माझं बरं चाललं होतं. काकीने चहा दिला, तो प्यालो. मग ठिपका थांबला. म्हटलं, पक्षी बघत असतील. थांबून थांबून शेवटी तो करडा झाला आणि खाली लिहून आलं की घड्याळाशी संपर्क नाही, हे शेवटचं ठिकाण. बॅटरी गेली होती. रात्री चार्जिंगला लावून मी स्वतः बटण दाबलं होतं, पण सकाळी गाडीत ती त्याच्यावर खेळत बसली होती. बाबाचा साधा फोन मी लावून पाहिला. तो काकीच्या शेजारी, बाबाच्या पिशवीत वाजला.

आणि समोर पाणी उतरत होतं.

यातली मेख मला तेव्हा, तिथे उभा असताना, लख्ख दिसली. फ्लेमिंगो चिखलात खातात. पाणी भरलेलं असताना ते लांब कुठेतरी बसून असतात. पाणी उतरून चिखल उघडा पडला की थव्याने येतात. म्हणजे पोरीला पक्षी जवळून दाखवायचे तर पाणी जायची वाट बघायला हवी, आणि पोरीला घरी आणायचं तर पाणी जायच्या आत निघायला हवं. बाबा आयुष्यभर खाडीत गेला तो मासळीसाठी. मासळीसाठी गेलेला माणूस पाण्याबरोबर जातो, पाण्याबरोबर येतो. पक्षी दाखवायला तो पहिल्यांदाच गेला होता.

दुपार व्हायच्या आत जेट्टीसमोर नुसता चिखल उरला. लांब, पलीकडच्या वळणाशी, एक काळी रेघ दिसत होती. ती आमची होडी होती, की खारफुटीचा एखादा ओंडका, हे डोळ्यांनी कळत नव्हतं.

"अडकली वाटतं," काकी म्हणाली. तिच्या आवाजात बस चुकल्याइतकीही काळजी नव्हती. "येतील भरतीला. तू घरी जा, जेव."

"काकी, ऊन बघ किती आहे!"

"मग? खाडीत काय छत घालायचं?"

"बाबाला शुगर आहे. सकाळी गोळी घेतलीय त्याने, आणि जेवला नसणार. चक्कर आली तर?"

काकीचा मासळी निवडणारा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. तेवढं मला पुरलं. कारण माझी खरी भीती मी अजून बोललोच नव्हतो. बाबाला चक्कर आली आणि तो आडवा झाला, तर पोरगी घाबरून मदत आणायला उठेल. ती समजूतदार आहे, उठेलच. समोर तिला चिखल दिसेल, आणि त्या चिखलावर ते गुलाबी पक्षी आरामात चालत असतील. सात वर्षांच्या मुलीला वाटेल, ही जमीन आहे.

जेट्टीच्या टोकाला एक निवृत्त गृहस्थ तिकाटण्यावर हातभर लांब लेन्स लावून पक्ष्यांचे फोटो काढत होते. एरवी मला या मंडळींचा राग येतो, गावातल्या माणसांना ते 'जरा बाजूला व्हा' म्हणतात. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर हात जोडायचा बाकी राहिलो. म्हटलं, तिकडे होडी दिसते का बघा, माझी मुलगी आहे त्यात. ते सज्जन होते. त्यांनी लगेच लेन्स फिरवली, बराच वेळ डोळा लावून राहिले.

"होडी आहे. एक माणूस दिसतोय."

"एक?"

"हो. वाकून बसलाय."

"लहान मुलगी? पिवळा फ्रॉक?"

ते पुन्हा बघत राहिले. मग त्यांनी फोटो काढून तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून मला दाखवला. उष्म्याने सगळं पाण्यासारखं हलल्यागत आलं होतं. एक काळी आकृती, पुढे झुकलेली. पिवळं काही नाही.

"असेल हो, आडोशाला असेल," ते म्हणाले. माणसं असं म्हणतात तेव्हा त्यांना खात्री नसते.

यानंतर मी काय केलं ते मी ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही. मी जेट्टीच्या पायऱ्या उतरलो आणि बुटांसकट चिखलात शिरलो. गावातलं शेंबडं पोर करणार नाही असं. चिखलात जायचं तर अनवाणी जायचं, अंग पुढे टाकून जायचं, एका जागी थांबायचं नाही, हे सगळं मला लहानपणी पाठ होतं. त्या घटकेला माझ्या पायांना काही आठवलं नाही. थोडं पुढे जाऊन मी मांडीपर्यंत रुतलो आणि थांबलो. एक बूट आत राहिला. वर ऊन, खाली थंडगार चिखल, आणि मी तोंडाने मुलीचं नाव घेत होतो, ओरडत नव्हे, स्वतःशीच.

काकीने वल्हं पुढे केलं. "धर. आडवा हो. आडवा हो मेल्या, उबा नको राहू." वर ओढून घेतल्यावर मात्र ती हसली नाही. माझ्या पायावर बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणाली, "तू रुतलास तं तुला काडाया कोन जाईल? बस आता गप."

फायर ब्रिगेडला फोन करायचा विचार मी बोलून दाखवला. तिने विचारलं, त्यांची गाडी चिखलात चालते का? गावातल्या इंजिनाच्या होड्या समोरच उभ्या होत्या, सगळ्या चिखलात कलंडलेल्या. पाण्याशिवाय तिथे कोणीही पोचू शकत नव्हतं आणि पाणी कोणाच्या सांगण्यावरून येत नाही.

मग बायकोचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत ती करतेच. मी ठरवलं होतं की तिला सांगायचं नाही. "आले का गं ते?" असं मीच तिला विचारून बसलो, इतकं माझं डोकं ठिकाणावर होतं. मग सगळं सांगितलं. घड्याळ, जॅकेट, लेन्समधला एकच माणूस. तिच्याकडचं मशीन मागे घरघरत होतं.

"तू आत्ता कुठे उभा आहेस?"

"जेट्टीवर."

"सावलीत उभा राहा आधी." मग, आवाज जपून, "तू तुझ्या बाबांना ओळखतोस ना? ते तिला काही होऊ देतील का?"

"नाही," मी म्हणालो.

म्हणालो, पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न माझ्याजवळच राहिला. मी ओळखत होतो तो माणूस मागे वळून बघत नसे. पोरीच्या अंगातलं जॅकेट त्याने रडली म्हणून काढून टाकलं होतं. फोन पिशवीत ठेवून गेला होता. पाणी जाताना त्याला दिसलं कसं नाही? पन्नास वर्षं खाडीत काढलेल्या माणसाला? की त्याला दिसलं आणि त्याने म्हटलं, काय होतंय? मला त्याचा असा संताप आला की माझ्या दातांवर दात बसले. आल्यावर काय काय बोलायचं ते मी जुळवायला लागलो. तुझ्या भरवशावर सोडली ही माझी चूक. पुन्हा तिला हात लावायचा नाही. तू बाप म्हणून जसा होतास तसाच आजा म्हणून आहेस. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. ते मी मनात घोळवत बसलो.

मधे मी आणखी एकदा लेन्समधून बघायला लावलं. ते गृहस्थ खरं तर निघायच्या बेतात होते, माझ्यासाठी थांबले असावेत. "तसाच बसलाय," ते म्हणाले. "हललाच नाहीये." एकच माणूस. मी काकीकडे पाहिलं. काकी आता मासळी निवडत नव्हती. हात धुऊन, पदर डोक्यावर घेऊन तीही तिकडेच बघत होती.

पाणी येतं तेव्हा आधी दिसत नाही. चिखलातल्या चिरांमधून बारीक चकाकी पुढे सरकते, मग ती रुंद होते, मग खेकडे बिळात जातात, मग एखादी होडी आपोआप सरळ होते. लहानपणी मला ते बघायला आवडायचं. त्या दिवशी मी त्या पाण्याला शिव्या देत होतो. पक्षी एकेक करून उठायला लागले. पहिली इंजिनाची होडी तरंगली, तसा तिच्या मालकाने दोर सोडला आणि मी विचारायच्या आत तो त्या दिशेने निघाला. म्हणजे गावाला काळजी नव्हती असं नव्हतं. ते फक्त बोलत नव्हते.

तो अर्ध्यावर पोचला असेल, तेव्हा वळणावरून आमची होडी आली. बाबा बांबूने रेटत होता. त्याचा बांबू पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा, मग पुढचा पडायचा. अंगात सदरा नव्हता. आणि त्याच्या मागे, सदरा डोक्यावरून पांघरलेलं, फ्रॉकचा पिवळा काठ दिसणारं माझं मूल बसलेलं होतं. बसलेलं होतं! मी रडलो. सरळ सांगतो, काकीच्या आणि त्या फोटोवाल्या गृहस्थांच्या देखत रडलो.

होडी जेट्टीला लागली तेव्हा मी डोळे पुसून माझी वाक्यं जुळवून उभा होतो. मुलीला उचलायला हात पुढे केले तर ती ओरडली, "पप्पा, थांब! मला हलवू नको! मी नांगर आहे!"

मी बघितलं. तिच्या कमरेला जाळ्याची दोरी होती, दोन वेढे घेऊन बांधलेली. दोरीचं दुसरं टोक बाबाच्या कमरेला होतं. मधली दोरी हातभरही नसेल.

"आजोबा म्हणाले नांगर हलला की होडी वाहून जाते," ती सांगत होती. "म्हणून मी हललेच नाही. आजोबा माझ्यावर वाकून बसले होते, ऊन लागू नये म्हणून. आणि पप्पा, फ्लेमिंगो इतके जवळ होते! आणि द्राक्षं मी आजोबांना दिली सगळी, त्यांना कसंतरी होत होतं. आजोबा म्हणाले, पप्पा पण नांगर होता लहानपणी. तू होतास?"

होतो. ती म्हणेपर्यंत मला आठवत नव्हतं, आणि म्हणताक्षणी सगळं आठवलं. ती ओली दोरी, तिचं कमरेला घासणं, बाबाचा आवाज, "तू नांगर हायस, नीट बसायचं." केवढा अभिमान होता मला त्याचा! शाळेत मी सगळ्यांना सांगितलं होतं की आमच्या होडीचा नांगर मी आहे. ते मला काम वाटलं होतं. दोरी ओढली गेली की मी मागे आहे हे त्याला कळत होतं, म्हणून तो वळून बघत नव्हता. माझ्या जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही तोंडातून आलं नाही.

बाबा जेट्टीच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही. पाठ उन्हाने भाजून लालकाळी झाली होती. काकीने गुळाचं पाणी आणून दिलं, ते तो दोन्ही हातांनी भांडं धरून प्याला, तरी थोडं छातीवर सांडलं. दोरी अजून कमरेलाच होती. खाऱ्या पाण्याने गाठ आवळली होती. त्याने सोडायचा प्रयत्न केला, बोटांना जमेना.

"तू सोड," तो म्हणाला.

मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो. मुलगी अजून दोरीसकट त्याला खेटूनच होती, पण काकीला पक्ष्यांचं सांगण्यात गुंगली होती. बाबा खाली बघत, मलाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलला.

"हिला आता मी नाय नेनार."

"का?"

"पोर हरकली, मी बसलो. पानी गेलं ते मला समजलंच नाय." तो थांबला. "मला, बग. समजलं नाय." मग म्हणाला, "लय भ्या वाटलं रं."

हे शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ऐकल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. आपण एकटे नाही, आपला बापही असाच होता, असं काहीतरी. तसं झालं नाही. माझ्या पायाखालची जमीनच गेली. तोवर मी हवा तितका घाबरू शकत होतो, कारण माझ्या वर एक माणूस होता ज्याला कशाची भीती वाटत नव्हती. आता माझ्या वर कोणी नव्हतं. खाली सात वर्षांची मुलगी होती, समोर हा थरथरणारा म्हातारा होता, आणि दोघांच्याही कमरेची दोरी माझ्या हातात होती.

"काय नाय झालं, बाबा," मी म्हणालो. कितीतरी वर्षांत मी त्याच्याशी गावच्या बोलीत बोललो नव्हतो. "तू ने तिला. मी हाय ना."

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याला ते पटलं असावं, कारण त्याचे खांदे जरा खाली आले. गाठ तोवर केव्हाच सुटली होती. मी आपला मान खाली घालून, दोरीत बोटं अडकवून, ती सोडवत असल्यासारखा बसून राहिलो. माझे हात त्याला दिसू नयेत म्हणून.